शब्द कळले, वाक्य राहिले

पहिलीच्या वर्गात रोज ऐकू येणारे एक साधे वाक्य घेऊ. शाळा सुटायला पाच मिनिटे उरली आहेत आणि गुरुजी सांगतात, 'पाटी पुसल्याशिवाय कोणी बाहेर जायचे नाही.' वाक्य संपते न संपते तोच तीन-चार मुले तशीच उठून दाराकडे धावतात. दोघे-तिघे पाटी स्वच्छ पुसतात आणि हाताची घडी घालून बसून राहतात. 'बाहेर जायचे नाही' एवढेच त्यांनी धरलेले असते. उरलेली मुले शेजाऱ्याकडे पाहतात आणि तो करील ते करतात. गुरुजी चिडतात. 'कान आहेत की नाहीत?' असा प्रश्न होतो, आणि तीच ती मुले पुन्हापुन्हा चुकू लागली म्हणजे त्यांच्या नावापुढे एक अक्षर कायमचे चिकटते: ढ.

कान असतात. पाटी, पुसणे, बाहेर, जाणे यांतला एकही शब्द त्या मुलांना अनोळखी नसतो. अडते ते वाक्य. 'शिवाय' आणि 'नाही' असे दोन नकार एकत्र येऊन त्यांतून एक परवानगी तयार होते, ती परवानगी एका अटीवर अवलंबून असते, आणि कोणते काम आधी व कोणते नंतर हे त्या अटीतूनच काढावे लागते. प्रौढ माणूस हे सारे क्षणार्धात करतो आणि आपण काही केले याची त्याला जाणीवही होत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूत मात्र हे करणारी यंत्रणा अजून बांधली जात असते. आम्हांस या लेखात म्हणायचे आहे ते इतकेच, की हे बांधकाम ज्या वर्षांत चालू असते नेमक्या त्याच वर्षांत आपल्या शाळा मुलांना वाक्यांपासून दूर ठेवतात. आणि त्याची किंमत अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यासारख्या भागात, जिथे अनेक मुलांची शाळाच वर्षातून अर्धी होते, सर्वांत अधिक मोजावी लागते.

वाक्य कळणे म्हणजे काय, हे मराठीपुरते आधी पाहू. 'आजीने भाकरी खाल्ली' हे वाक्य समजण्यास व्याकरण लागत नाही. आजी आणि भाकरी यांत कोण कोणाला खाणार, हे दोन वर्षांचे मूलही जाणते. 'कुत्र्याने मांजरीला चाटले' येथे मात्र जगाचे ज्ञान पुरत नाही, कारण दोघेही चाटू शकतात. तरीही पहिले नाव ते करणारा आणि दुसरे नाव ते सोसणारा, एवढा आडाखा बांधला तरी उत्तर बरोबर येते. आता शब्द तेच ठेवून क्रम फिरवा: 'मांजरीला कुत्र्याने चाटले.' अर्थ बदलला नाही, पण आडाखा फसला. येथे 'ने' आणि 'ला' या दोन इवल्या प्रत्ययांवर सारा भरवसा ठेवावा लागतो. पुढची पायरी याहून अवघड. 'सदूला ढकलणाऱ्या मुलाला गुरुजींनी बोलावले' आणि 'सदूने ढकललेल्या मुलाला गुरुजींनी बोलावले' ही दोन वाक्ये कानाला जवळजवळ सारखी लागतात. पहिल्यात छडी बसेल, दुसऱ्यात पाठीवरून हात फिरेल. तो फरक आहे 'णाऱ्या' आणि 'लेल्या', 'ला' आणि 'ने' एवढ्यात.

मराठीची आणखी एक रीत आहे. आपले क्रियापद शेवटी येते, आणि नकार त्याच्याही नंतर. 'मी उद्या बाजारात जाऊन तुझ्यासाठी खाऊ आणणार...' इथपर्यंत ऐकून मुलाचा चेहरा फुललेला असतो आणि मग 'नाही' येते. म्हणजे उद्या, बाजार, तू, खाऊ ही सारी ओझी मनात उचलून धरायची आणि शेवटच्या शब्दापर्यंत कुठेही खाली ठेवायची नाहीत, ही कसरत मराठी मुलाला पहिल्यापासून करावी लागते. प्रत्ययांचा भरवसाही पूर्ण नसतो. 'ने' हा कर्त्याला लागतो तसा 'चमच्याने' मध्ये साधनालाही लागतो; 'कुत्रा मांजरीला चाटतो' म्हणताना तो लागतच नाही; 'मी आंबा खाल्ला' यातही दिसत नाही. 'ला' तर 'सदूला ढकलले', 'सदूला पुस्तक दिले' आणि 'सदूला भूक लागली' अशा तीन घरी तीन वेगळी कामे करतो. मुलाला हे कोणी शिकवत नाही. ऐकलेल्या हजारो वाक्यांतून ते आपले आपण गाळून घेते.

मेंदूत हे कसे घडते, याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत बरेच कळले आहे. जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत आंगेला फ्रीडेरिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा दीर्घ पाठपुरावा केला. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम प्रामुख्याने डाव्या बाजूस चालते: कपाळाच्या मागे एक भाग, ज्यास ब्रोकाचे क्षेत्र म्हणतात, आणि कानाच्या मागच्या अंगास दुसरा. या दोन भागांना जोडणारे तंतूंचे जुडगे आहेत. काही खालून जातात, काही वरून, धनुष्याच्या कमानीसारखे वळसा घेऊन. खालची वाट जन्मतःच चालती असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अवघ्या दोन दिवसांच्या अर्भकांमध्येही ती दिसून आली. वरच्या वाटेचा एक फाटाही, जो ऐकलेला ध्वनी तोंडाच्या हालचालींशी जोडतो, जन्मतः असतो. बोबडे बोल उगाच सुरू होत नाहीत. ब्रोकाच्या क्षेत्रापर्यंत पोहोचणारा वरचा फाटा मात्र अर्भकात आढळत नाही. तो सावकाश तयार होतो, त्याच्या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण हळूहळू चढते, आणि सात वर्षांच्या मुलातही तो प्रौढांइतका पक्का झालेला नसतो. 'मांजरीला कुत्र्याने चाटले' अशा घडणीची, नेहमीचा क्रम मोडणारी वाक्ये मूल किती अचूक व किती झटपट समजते, याचा या फाट्याच्या परिपक्वतेशी संबंध असल्याचे याच गटाला आढळले आहे.

मुलांच्या वागण्यातही हेच वेळापत्रक दिसते. जर्मन भाषेतही मराठीप्रमाणे विभक्ती आहे आणि शब्दांचा क्रम काही प्रमाणात फिरवता येतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मन मुलांना अशी वाक्ये ऐकवून योग्य चित्र दाखवावयास सांगितले. दोन वर्षांच्या मुलांना क्रम आणि विभक्ती एकाच बाजूस बोट दाखवीत असतील तरच वाक्य कळले. पाच वर्षांची मुले क्रमावर विसंबली. विभक्ती उलट सांगत असली तरी पहिल्या नावालाच त्यांनी कर्ता मानले. सात वर्षांच्या मुलांनी मात्र प्रौढांप्रमाणे विभक्तीचा कौल घेतला. याउलट तुर्की भाषेत, जिथे प्रत्यय स्पष्ट आणि भरवशाचे आहेत, मुले दोन वर्षांच्या सुमारासच प्रत्ययांवर विसंबू लागतात, असे स्लोबिन आणि बेव्हर यांनी १९८२ सालीच दाखवले होते. मराठी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावी, असे आमचे अनुमान आहे: प्रत्यय ठसठशीत, पण प्रत्येकाची कामे अनेक. भाषा कोणतीही असो, साधे वाक्य लवकर आणि गुंतागुंतीचे वाक्य उशिरा कळते, आणि पाच ते आठ ही वर्षे त्या दुसऱ्या पायरीची असतात. आपल्या हिशेबाने पाहिले तर ही अंगणवाडीच्या शेवटच्या वर्षापासून तिसरीपर्यंतची वर्षे होत.

येथे एक शंका साहजिक आहे. मेंदूतील वाट वयानुसार आपोआपच पिकणार असेल, तर शाळेने चिंता का करावी? दात येतात तसे वाक्यही येईल. ही शंका अर्धी खरी आहे. वय हवेच, तीन वर्षांच्या मुलास कितीही घोकवले तरी सातव्या वर्षीची समज येणार नाही. परंतु वाट पिकते ती रहदारीने. अमेरिकेत रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातील दिवसभराचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की ज्या मुलांचे मोठ्यांशी संभाषण अधिक, म्हणजे मी बोललो, तू बोललास, पुन्हा मी, अशा फेऱ्या अधिक, त्यांच्या मेंदूत ही वरची वाट अधिक बळकट होती. कुटुंबाचे उत्पन्न आणि शिक्षण हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. कानावर नुसते किती शब्द पडले यापेक्षा या फेऱ्यांचे महत्त्व अधिक ठरले. त्याआधी २००२ साली जॅनलेन हटनलॉकर आणि सहकाऱ्यांनी बालवर्गांतील शिक्षकांचे बोलणे तपासले होते. ज्या शिक्षकांच्या बोलण्यात संयुक्त व मिश्र वाक्यांचे प्रमाण अधिक, त्यांच्या वर्गातील मुलांची वाक्य समजण्याची क्षमता वर्षभरात अधिक वाढली. वर्षाच्या आरंभी मुलांची समज आणि शिक्षकांचे बोलणे यांत मात्र असा संबंध नव्हता. म्हणजे हुशार मुले पाहून शिक्षक तसे बोलले, असेही म्हणता येत नाही. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही शिक्षकाच्या तोंडचे वाक्य ही शाळेतील शैक्षणिक सामग्री आहे, फळ्याइतकीच आणि पुस्तकाइतकीच, एवढे म्हणण्यास हा आधार पुरेसा आहे.

आता जिल्ह्याकडे वळू. नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरेच्या काठी उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले आणि सहकाराचे ते युग येथूनच महाराष्ट्रभर पसरले. पण याच जिल्ह्याच्या एका अंगास ऊस आहे आणि दुसऱ्या अंगास ऊसतोड. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बीडला लागून असलेल्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो. कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळ कोप्या पडतात, आणि पुढचे पाच-सहा महिने संसार तिथे असतो. ज्यांच्यामागे घरी आजी-आजोबा आहेत ती मुले गावी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, बाकीची आई-बापांबरोबर. म्हणजे पाच ते आठ ही जी वर्षे आम्ही वर मोजली, त्यांतली अर्धी या मुलांच्या बाबतीत वर्गाबाहेर जातात. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरात चित्र वेगळे आहे. तिथे ठाकर आणि महादेव कोळी मुलांची घरची बोली एक आणि पुस्तकाची मराठी दुसरी.

या मुलांविषयी बोलताना एका सोप्या चुकीपासून सावध राहिले पाहिजे. गरिबाच्या घरी भाषाच कमी असते, असा एक समज सुशिक्षितांत दृढ आहे. १९९५ साली अमेरिकेत हार्ट आणि रिझली यांनी गरीब मुलांच्या कानावर तीन कोटी शब्द कमी पडतात असे मांडले आणि हा समज शास्त्रीय मानला जाऊ लागला. २०१९ साली स्पेरी, स्पेरी आणि मिलर यांनी निरनिराळ्या वस्त्यांमध्ये पुन्हा मोजणी केली, केवळ आईचेच नव्हे तर घरातील साऱ्यांचे व आसपासचेही बोलणे धरले, तेव्हा ती दरी तशी उरली नाही. टोळीच्या कोपीत काय बोलले जाते हे ज्याने ऐकले आहे, त्यास यात नवल वाटणार नाही. तळावरच्या सात-आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी सहज शोभेल असे एक वाक्य पाहा: 'उद्या गाडी येनार हाय म्हून मुकादम बोलला म्हून आई सांगत व्हती.' शुद्धलेखनाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यास यात तीन-चार चुका दिसतील. व्याकरणाच्या दृष्टीने यात वाक्यात वाक्य आणि त्याच्याही पोटात वाक्य आहे: गाडी येणार हे मुकादमाच्या बोलण्यात, आणि मुकादमाचे बोलणे आईच्या सांगण्यात. ही तीन मजली इमारत त्या पोराने 'म्हून' या एका शब्दाच्या जोरावर उभी केली आहे. ज्या मेंदूला हे जमते त्यास वाक्य कळत नाही असे कोण म्हणेल?

तेच पोर शाळेत आले की पुस्तकात त्याला काय भेटते? घरी ऐकलेले असते, 'पावसाच्या आधी घरी ये म्हून बाप म्हनला.' शिक्षक म्हणतात, 'वडील म्हणाले की पावसाच्या आधी घरी ये.' येथे बोलणारा पुढे आला, बोलणे मागे गेले आणि मध्ये 'की' आला. पुस्तक म्हणते, 'वडिलांनी त्याला पावसापूर्वी घरी येण्यास सांगितले.' आता 'ये' ही हाकच नाहीशी झाली. येणार कोण, हे 'येण्यास' या रूपात कुठेही लिहिलेले नाही, ते 'त्याला' वरून ताडायचे. तिन्ही वाक्यांचा अर्थ एक, पण मेंदूस कराव्या लागणाऱ्या मेहनतीचा मार्ग प्रत्येकात निराळा. मुलाला पहिला मार्ग पायाखालचा आहे. पहिल्यावरून तिसऱ्यावर नेणारा कोणी सोबती हवा, आणि तो सोबती म्हणजे तिन्ही वाक्ये एकामागून एक बोलून दाखवणारा, मुलाच्या वाक्याला चूक न म्हणता त्याच्या शेजारी दुसरे वाक्य ठेवणारा शिक्षक. घरचे बोलणे कमी प्रतीचे नाही. ते समोरच्या गोष्टींना धरून चाललेले असते आणि शाळेचे वाक्य समोर नसलेल्या गोष्टींविषयी असते, एवढाच भेद आहे. हा भेद ओलांडण्यासाठीच शाळा असते.

प्रत्यक्षात पहिली-दुसरीच्या वर्गात काय घडते? अक्षरे, बाराखडी, मग दोन अक्षरी शब्द, मग जोडाक्षरे. वाक्य आलेच तर 'कमल नमन कर' या वळणाचे, ज्यात कळण्यासारखे काही नसते. मूल उत्तर देते ते एका शब्दात, तेही सर्वांनी मिळून एका सुरात. मोजमापही त्याच धाटणीचे आहे. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाला मिनिटास किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असे उद्दिष्ट आहे. त्यातला 'समजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. पण घड्याळ लावून ६० शब्द मोजणे सोपे आणि 'समजून' मोजणे कठीण, त्यामुळे मोजले जाते ते पहिले. मग असे मूल तयार होते, जे उतारा खडखडीत वाचते आणि 'सदूला कोणी ढकलले?' असे विचारल्यावर उताऱ्यातला पहिला मुलगा दाखवते. गणितातही हेच. 'रमाकडे सुमापेक्षा ३ बोरे जास्त आहेत. रमाकडे ८ बोरे आहेत. तर सुमाकडे किती?' 'जास्त' हा शब्द ऐकताच मूल ८ आणि ३ मिळवून ११ सांगते. त्याची वजाबाकी पक्की असते. 'पेक्षा' कोणाच्या बाजूने बोलतो ते निसटलेले असते. आपण त्यास गणितात कच्चे ठरवून वजाबाकीची आणखी वीस उदाहरणे देतो.

यावर अनुभवी शिक्षक दोन आक्षेप घेतील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की अक्षरेच येत नाहीत तिथे वाक्याच्या गप्पा कशाला? अक्षरओळख नीट, क्रमाने आणि नेटाने शिकवली पाहिजे, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. फलटणच्या बोलीवर प्रबंध लिहिणाऱ्या आणि पुढे तेथेच प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांचे सारे काम हेच सांगते, की वंचित घरांतील मुलांना वाचायला शिकवण्यात ढिलाई म्हणजे त्यांच्यावर अन्याय. पण त्याच कामात गोष्टींना, बोलण्याला आणि पुस्तकांना तितकीच जागा आहे. डोळ्यांनी वाचायचे वाक्य लहान असू द्या. कानांनी ऐकायचे वाक्य लहान असण्याचे कारण नाही. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे पहिलीत असतात, कान केव्हाच पुढच्या इयत्तेत गेलेले असतात. दुसरा आक्षेप असा, की लांब वाक्य मुलांना कळत नाही म्हणून तर आम्ही तुकडे करून बोलतो. हेतू चांगला आहे. पण जे वाक्य कळत नाही ते कधीच ऐकवले नाही, तर ते कळू लागण्याचा दिवस उजाडणार कसा? मूल चालता चालता पडते म्हणून त्यास कोणी कायम कडेवर घेत नाही.

आणि लांब वाक्य ऐकण्याची परंपरा या मातीला परकी आहे, असे तर कोणीच म्हणू शकणार नाही. प्रवरेच्या काठी नेवाशास, परंपरेनुसार शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तेथील खांबावर दुर्गा भागवतांनी 'पैस' मध्ये लिहिले आहे. त्या खांबाशी बसून जे सांगितले गेले ते आधी बोललेले वाङ्मय होते. सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले असे मानतात. म्हणजे ते प्रथम कानांसाठी घडले. त्याची वाक्यरचना आठवून पाहावी. एक 'जैसे' येतो, त्याच्यामागून दुसरा, तिसरा. दृष्टान्तामागून दृष्टान्त उभे राहतात आणि श्रोत्याने सारे मनात धरून 'तैसे' ची वाट पाहायची असते. अनेक ओव्यांवर ताणलेले ते वाक्य पुरे होते तेव्हा मनाची जी सुटका होते, तीच त्या निरूपणाची गोडी. हे निरूपण ज्यांच्यासाठी झाले त्या साऱ्यांना लिहिता-वाचता येत होते असे नाही. पुढे कीर्तनांनी आणि सप्ताहांनी ही सवय गावोगाव जिवंत ठेवली. मांडीवरचे मूलही ती ऐकत आले. घरात आजीच्या कहाण्या आणि उखाणे होते, अंगणात हुमाण होते. हुमाण म्हणजे ज्यात कर्ता लपवून ठेवला आहे असे वाक्यच.

याच नगरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांबरोबर लक्ष्मीबाई टिळक राहिल्या. शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ नव्हते, अक्षरओळख लग्नानंतरची. तरीही 'स्मृतिचित्रे' चे गद्य मराठीतील उत्तम गद्यांत मोजले जाते. ते वाक्य शाळेने घडवले नाही, ऐकण्या-बोलण्याने घडवले. हे उदाहरण आम्ही शाळेविरुद्ध देत नाही. कानावर पोसलेली वाक्यशक्ती अक्षर हाती आल्यावर केवढी झेप घेऊ शकते, एवढेच त्यातून दिसते. परंपरेचे गुणगान करून थांबणेही आम्हांस मान्य नाही. कीर्तनात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. मुलाला तिथे विचारता येत नाही आणि उलट बोलता येत नाही. मघाशी सांगितलेल्या संभाषणाच्या फेऱ्या तिथे होत नाहीत. त्या घरी व्हायच्या, पण पहाटेच्या अंधारात फडात उतरून संध्याकाळी मोळ्या गाडीत भरून परतलेल्या आईकडून गोष्टीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? नेवासे तालुक्यातच ज्ञानेश्वरांचे नाव धारण करणारा साखर कारखाना आहे. हंगामात टोळ्या याही तालुक्यात उतरतात. ज्या भूमीवर मराठी वाक्याने एवढा विस्तार पाहिला, तिथे आलेल्या पोराच्या वाट्याला दिवसभरात 'पाणी आण', 'बाळाला बघ', 'गप बस' एवढीच वाक्ये येत असतील, तर ती उणीव त्याच्या आईची नव्हे. ती भरून काढण्याची जबाबदारी समाजाची, आणि समाजाच्या वतीने शाळेची आहे.

मग करावे काय? आम्ही जे मागतो त्यास फार पैसा लागत नाही. अंगणवाडीपासून दुसरीपर्यंत रोज वीस मिनिटे शिक्षकांनी गोष्ट सांगावी किंवा वाचून दाखवावी, आणि ती सोपी करण्याच्या नावाखाली तिची वाक्ये तोडू नयेत. गोष्टीनंतर 'तात्पर्य काय?' असे विचारण्याऐवजी 'कोणी कोणाला? का? आधी काय झाले?' असे विचारावे, आणि उत्तर एका शब्दात आले तर 'म्हणजे कसे?' म्हणून ते वाक्यात येईपर्यंत थांबावे. मुलाने आपल्या बोलीत उत्तर दिले तर ते पूर्ण ऐकून घ्यावे. व्याकरण त्याच्या बोलीतही असते. गणिताची उदाहरणे लिहिण्यापूर्वी तोंडी सांगावीत, आणि मुलांना बोरे व खडे घेऊन ती करून दाखवू द्यावीत. हंगामी वसतिगृहात आणि टोळीच्या तळावर मुलांसाठी जे कोणी काम करतात, त्यांनी वह्या-पाट्यांबरोबर एक सांगणारा माणूसही नेमावा. गावातील एखादी आजी यासाठी पदवीधरापेक्षा उणी पडणार नाही. आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी घड्याळ खिशात ठेवून मुलाला 'सदूने ढकललेला मुलगा कोणता?' असे एक चित्र दाखवून विचारावे. उत्तरावरून शाळेविषयी पुष्कळ कळेल.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही यावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले आणि २९ जून २०२५ रोजी शासनाने त्याविषयीचे निर्णय मागे घेतले. त्या वादात दोन्ही बाजूंनी भाषांची संख्या मोजली. पहिल्या भाषेतील किती पुरी वाक्ये सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या एका दिवसात ऐकायला आणि बोलायला मिळतात, हे फारसे कोणी विचारले नाही. मातृभाषेचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. मराठी टिकणे म्हणजे मराठी पाट्या टिकणे एवढेच असेल तर गोष्ट निराळी. तिच्यात गुंतागुंतीचा विचार करू शकणारी मुले घडणे असा त्याचा अर्थ असेल, तर त्याची सुरुवात पहिलीच्या वर्गातील बोलण्यापासून होते.

म्हणून शेवटी पुन्हा त्या वर्गात जाऊ. गुरुजींनी 'पाटी पुसल्याशिवाय कोणी बाहेर जायचे नाही' हे वाक्य टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते वाक्य त्यांनी रोज म्हणावे. मात्र चुकलेल्या मुलाला 'कान आहेत की नाहीत?' असे विचारण्याऐवजी एक मिनिट त्याच्याजवळ बसून म्हणावे, 'आधी पाटी पुसायची. मग बाहेर जायचे. पुसली नाही, तर जायचे नाही. म्हणजेच, पुसल्याशिवाय जायचे नाही. आता तू मला सांग, मी पाटी पुसली नाही, मी जाऊ का?' मुलगा क्षणभर विचार करील. गुरुजींना 'नका जाऊ' असे सांगण्याची संधी त्याला रोज मिळत नाही. त्याच्या उत्तराची घाई करू नये.